मोटरला प्रत्यक्षात हवा किती मिळते? (ब्लोअर, डक्ट आणि प्रेशर ड्रॉपचा हिशोब)

हंगामी_इंजिनिअर | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सांगली भागातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल बघतो. तिसऱ्या मिलला (ऊस पिळणाऱ्या) ५०० किलोवॉटची डीसी मोटर आहे, डोक्यावर स्वतंत्र ब्लोअर. ब्लोअर मिल हाऊसमधलीच हवा ओढायचा, त्यामुळे बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा फिल्टरवर बसून दर शिफ्टला झाडावा लागायचा. म्हणून या ऑफ सीझनला भिंतीबाहेरून हवा आणायला डक्ट टाकला. ४०० बाय ४०० मिमी, सरळ लांबी १८ मीटर, तीन काटकोनी वळणं, तोंडाशी जाळी आणि दोन पॅनेल फिल्टर (प्रत्येकी ६०० बाय ६००).

भुसा थांबला. पण हंगाम सुरू झाल्यापासून इंटरपोलमधला (मोटरच्या आतल्या स्थिर, छोट्या पोलमधला) आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, गेल्या वर्षी त्याच लोडला, तशाच हवेत ९८ अंश दाखवायचा, तो आता १०७ दाखवतोय. डक्टवाला म्हणतो, "डक्टचा काय संबंध, हवा तर गार येतेय." साहेब म्हणतात ब्लोअर मोठा बसवा. मला आधी आकडा काढायचा आहे. हवा किती हवी, किती मिळतेय, आणि दाब नेमका कुठे खर्च होतोय?

हाताशी असलेली माहिती: मोटरच्या मॅन्युअलमध्ये १.५ घनमीटर प्रति सेकंद हवेला ८०० पास्कल दाब लागतो. कार्यक्षमता ९३.५ टक्के. ब्लोअरचा कॅटलॉग: १.२ ला १२८० पास्कल, १.५ ला ११२०, १.७ ला १०००, १.९ ला ८५०. ब्लोअरची मोटर ५ एचपी, डायरेक्ट कपल.

---

नाममात्र | २१ नोव्हेंबर, रात्री १०:३१

साहेबांचं ऐका आणि मोठा ब्लोअर बसवा, पुढच्या वर्षी डक्टही मोठा बसवता येईल. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

मास्तर_निवृत्त | २१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आधी हवा किती हवी ते काढू, ते सगळ्यात सोपं आहे. ५०० भागिले ०.९३५ म्हणजे ५३५ किलोवॉट आत जातात, ५०० शाफ्टवर मिळतात, उरलेले ३५ किलोवॉट उष्णता. (फील्डचं, म्हणजे स्थिर चुंबकी गुंडाळीचं नुकसान या कार्यक्षमतेत धरलंय का, ते मॅन्युअलमध्ये बघा. काही जण धरत नाहीत.) ही सगळी उष्णता हवेने न्यायची असं समजा. फ्रेममधून थोडी बाहेर जाते, ती आपल्या गाठीला.

हवेचा प्रवाह = उष्णता ÷ (घनता × विशिष्ट उष्णता × हवेची तापमानवाढ)

विशिष्ट उष्णता १००६ ज्यूल प्रति किलो प्रति अंश. तापमानवाढ २० अंश धरू. राहिली घनता, आणि इथे बहुतेक जण १.२ टाकून मोकळे होतात. १.२ ही समुद्रसपाटीची, २० अंशांची हवा. तुमच्याकडे उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब साधारण ९४.८ किलोपास्कल. मार्च-एप्रिलचे ४० अंश धरले तर घनता १.०६ येते, बारा टक्के कमी. तेव्हा ३५००० ÷ (१.०६ × १००६ × २०) = १.६४ घनमीटर प्रति सेकंद, तासाला ५९०० घनमीटर.

डोक्यात ठेवायला ठोकताळा: दर किलोवॉट नुकसानीला, २० अंश वाढीसाठी, तासाला १६० ते १७० घनमीटर हवा.

---

झडप | २२ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मी डक्टिंगमधला माणूस, मोटरमधलं फारसं कळत नाही. पण हे वाचून हात शिवशिवले.

१.६४ घनमीटर ०.१६ चौरस मीटरमधून न्यायचे तर वेग १०.२५ मीटर प्रति सेकंद. डायनॅमिक प्रेशर म्हणजे अर्धा × घनता × वेगाचा वर्ग = ५६ पास्कल. डक्टमधला प्रत्येक तोटा या ५६ च्या पटीत मोजायचा. त्या पटीला आम्ही के म्हणतो.

सरळ लांबी: घर्षणाचा गुणांक जीआय पत्र्याला या वेगाला ०.०१८. गुणिले १८ मीटर, भागिले ०.४ म्हणजे ०.८. म्हणजे ४५ पास्कल. लोक लांबीला घाबरतात, पण अठरा मीटरचे फक्त ४५.

वळणं: काटकोनात कापून जोडलेला एल्बो, आत व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) नाहीत, के साधारण १.२. तीन मिळून ३.६. म्हणजे २०० पास्कल! तुमचा एकेक एल्बो सत्तावीस मीटर सरळ डक्टइतका दाब खातो.

तोंड: कापलेला पत्रा भिंतीबाहेर तसाच काढलाय असं धरतो, के १. ५६ पास्कल. जाळीचं वेगळं, ते नंतर.

फिल्टर: ०.७२ चौरस मीटर, समोरचा वेग २.३ मीटर. पॅनेल फिल्टर नवा असेल तर ६० च्या आसपास, भरला की अडीचशे.

एकूण डक्ट ३००, त्यातले २०० त्या तीन काटकोनांचे. फॅब्रिकेटरला गोल वळण करायचा कंटाळा, आणि तो पाचशे किलोवॉटच्या मोटरला भोवतोय.

---

हंगामी_इंजिनिअर | २२ नोव्हेंबर, दुपारी १:४५

झडप, तोंडाचा अंदाज बरोबर आहे. पत्रा भिंतीबाहेर वीतभर आलाय आणि वर पक्ष्यांची जाळी. आता हे सगळं ब्लोअरच्या कॅटलॉगला जोडायचं कसं?

---

राईनकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५५

जर्मनीत मोटर डिझाइनमध्ये काम करतो, दिवसभर हेच. जोडून देतो.

मोटर, डक्ट, फिल्टर सिरीजमध्ये आहेत, म्हणून त्यांचे दाब बेरजेत जातात. खळबळाट असलेल्या प्रवाहात दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून प्रत्येकाला एक रोध देता येतो: दाब = रोध × प्रवाहाचा वर्ग. ओहमच्या नियमासारखंच, फक्त वर्ग आहे. (समांतर वाटा असतील, उदाहरणार्थ आर्मेचरची (फिरणाऱ्या भागाची) भोकं आणि पोलांमधल्या फटी, तर रोधांच्या वर्गमुळांचे व्यस्त बेरजेत घ्यायचे. आम्ही मोटरच्या आतली जाळी अशीच मांडतो.)

मोटर: मॅन्युअलचे ८०० पास्कल १.५ ला, घनता १.२ धरून. १.६४ ला आणि १.०६ घनतेला: ८०० × (१.६४ ÷ १.५)² × (१.०६ ÷ १.२) = ८४५ पास्कल. रोध ३१४.
डक्ट: ३०० पास्कल १.६४ ला. रोध ११२.
फिल्टरचा दाब वर्गाने जात नाही, प्रवाहाच्या जवळपास सरळ पटीत जातो, तो वेगळा ठेवला.

ब्लोअरचा कॅटलॉगही १.२ घनतेचा आहे. घनमीटर तेवढेच राहतात, दाब घनतेच्या पटीत घटतो. तुमच्याकडे १.२ ला ११३०, १.५ ला ९९०, १.७ ला ८८३, १.९ ला ७५०.

आता दोन रेघा कुठे कापतात ते बघायचं. गेल्या वर्षी फक्त मोटर आणि फिल्टर होता: १.६५ ला मोटर ८५५ अधिक फिल्टर ६० म्हणजे ९१५, ब्लोअर तिथे ९१० देतो. जुळलं, १.६५. म्हणजे मूळ ब्लोअर निवडणाऱ्याने काम नीट केलं होतं.
डक्ट लावल्यावर रोध ४२६: १.४८ ला ९३३ अधिक ५४, ब्लोअर ९९८. १.५ ला ९५८ अधिक ५५, ब्लोअर ९९०. छेद १.४९ च्या जवळ.
फिल्टर भरला की १.४.

म्हणजे नव्या फिल्टरला दहा टक्के, भरलेल्याला पंधरा टक्के हवा कमी. डक्टवाल्याची हवा गार असेल, पण पुरेशी नाही.

---

नाममात्र | २२ नोव्हेंबर, रात्री १०:०३

पंधरा टक्के कमी हवेला नऊ अंश? मला वाटलं एखाद-दोन अंश वाढतील. हवा फक्त २० अंश तापते ना, ती २३ तापेल. तीन अंश.

---

राईनकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

चांगला प्रश्न. तीन अंश हा फक्त हवेचा भाग. गुंडाळीच्या पृष्ठभागापासून हवेत उष्णता जाताना जो फरक लागतो तोही वाढतो, कारण उष्णता-संक्रमणाचा गुणांक वेगाच्या ०.७ ते ०.८ घाताप्रमाणे पडतो. ०.८५ चा ०.८ घात म्हणजे ०.८८. पृष्ठभाग हवेपेक्षा ४० अंश वर असेल तर तो ४५ ने वर जातो. इन्सुलेशनमधून आत-बाहेर जाणारा फरक वेगावर अवलंबून नाही, तो तेवढाच. वर तांब्याचा रोध तापमानाने वाढतो, दर १० अंशांना जवळपास ४ टक्के, म्हणून नुकसान आणखी थोडं. सगळं मिळून सात ते नऊ. आरटीडी खोटं बोलत नाही.

---

गुंडाळीवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मंडळी, रिवाइंडिंगमध्ये आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, आरटीडी इंटरपोलमध्ये आहे, तो उभा असतो. जळतं ते आर्मेचर, आणि फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये आरटीडी कोणी घातलेला नाही. इंटरपोल १०७ असेल तर आर्मेचर किती, याचा विचार करूनच मला घाम फुटतो. क्लास एफ इन्सुलेशन म्हणजे १५५ अंशांपर्यंत चालतं हे खरं, पण दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं हा जुना हिशोब अजून कोणी खोटा पाडलेला नाही.

दुसरी गोष्ट, मॅन्युअलचे ८०० पास्कल नव्या मोटरचे. ही मोटर कित्येक हंगाम मिल हाऊसची हवा खात होती. आर्मेचरची भोकं आणि फील्डच्या फटी उघडून बघितल्यात का? मी अशा मोटरी उघडल्यात की आत बगॅस, कार्बनची पूड आणि ग्रीस यांचा लाडू झालेला. तसं असेल तर रोध ३१४ कुठला, ५०० पण असेल. वरचं सगळं गणित स्वच्छ मोटरचं आहे.

---

मास्तर_निवृत्त | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गुंडाळीवाल्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या मोजणी करा आणि त्या जुळतात का बघा.

पहिली: ब्लोअर आणि मोटरच्या मधल्या डब्याच्या भिंतीला ३ मिमीचं भोक पाडा, आतून कानस मारून बूर काढा, प्लास्टिकची नळी लावून यू-ट्यूबमध्ये पाणी. दुसरं टोक हवेत उघडं. १ मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल. मोटरमधून बाहेर पडणारी हवा मोकळीच सुटते, त्यामुळे हा दाब म्हणजे मोटरचा प्रेशर ड्रॉप. मोटरच तुमचं ओरिफिस मीटर (दाबातल्या फरकावरून प्रवाह सांगणारं):

प्रवाह = १.५ × वर्गमूळ (मोजलेला दाब ÷ ८०० × १.२ ÷ घनता)

भोक ब्लोअरच्या तोंडासमोर नको, जिथे हवा थेट आपटते तिथे वाचन फसवतं. बाजूच्या भिंतीला, चारही बाजूंना पाडून नळ्या एकत्र केल्या तर उत्तम.

दुसरी: डक्टच्या सरळ भागात, वळणापासून जितकं लांब जमेल तितकं, व्हेन ॲनिमोमीटर (हवेने फिरणाऱ्या पात्यांचा वेगमापक) घालून वेग मोजा. डक्टच्या आडव्या छेदाचे सोळा सारखे चौकोन करा, प्रत्येकाच्या मध्यावर वाचन, सरासरी गुणिले ०.१६. मधलंच एक वाचन घेऊन गुणाकार करू नका, दहा-वीस टक्के जास्त येतं.

आत मोटर तुंबली असेल तर दुसरी मोजणी कमी प्रवाह दाखवेल आणि पहिली जास्त.

---

झडप | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

हॉट वायर ॲनिमोमीटर (तापलेल्या तारेचा वेगमापक) असेल तर एक खाच आहे. तो खरं तर वस्तुमान प्रवाह ओळखतो आणि १.२ घनतेचा वेग दाखवतो. तुमच्याकडे वाचनाला १.२ भागिले खऱ्या घनतेने गुणावं लागेल. व्हेनवाल्याला ही भानगड नाही. पिटॉट ट्यूब (डायनॅमिक प्रेशर मोजणारी नळी) घ्यायची तर ५६ पास्कल म्हणजे पाण्याचे पावणेसहा मिमी, साध्या यू-ट्यूबवर वाचता येत नाही. तिरका मॅनोमीटर लागेल.

---

पाणीवाला | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

धाग्यात घुसतो, माफ करा. आमच्याकडे ३० किलोवॉटची बंद आवरणाची मोटर (मागे पंखा, वर काउल म्हणजे पंख्याचं झाकण), पाण्याच्या पंपाला, व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर). रात्री २५ हर्ट्झला चालते. मागचा पंखा निम्म्या वेगाने फिरतो म्हणजे हवा पण निम्मी. वेगळा ब्लोअर लावू का?

---

मास्तर_निवृत्त | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सेंट्रिफ्यूगल पंपाला नाही. हवा निम्मी होते, पंख्याचा दाब पाव होतो, पण पंपाचा टॉर्कही (फिरवायचा जोर) पाव होतो, त्यामुळे करंट आणि तांब्यातलं नुकसान फार खाली येतं. मोटर गारच राहील. (उंच टाकीचा स्थिर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मोठा असेल तर टॉर्क पूर्ण पाव होत नाही. तेवढा करंट बघून घ्या.)

खरी अडचण ऊस कॅरियर, कन्व्हेअर, एक्स्ट्रुडर अशा ठिकाणी. तिथे २० हर्ट्झलाही टॉर्क पूर्ण, म्हणजे करंट पूर्ण. हवा चाळीस टक्के, उष्णता-संक्रमण साधारण निम्मं. तिथे स्वतंत्र ब्लोअर, आयईसी ६००३४-६ या मानकाच्या भाषेत आयसी ४११ (शाफ्टवरचा पंखा) चं आयसी ४१६ (स्वतंत्र ब्लोअर), घ्यावाच लागतो.

---

गुंडाळीवाला | २३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

आणि पाणीवाले भाऊ, ती मोटर भिंतीला चिकटवून ठेवलेली नाही ना? पंपघरात हे दर दुसऱ्या ठिकाणी बघतो. काउलची जाळी भिंतीपासून बोटभर अंतरावर.

---

राईनकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

याचा हिशोब छान आहे. जाळीच्या गोलाचा व्यास द असेल तर हवेला आत यायला त्याचं क्षेत्र लागतं, पाय (π) × द² ÷ ४. भिंत आणि काउल यांच्या फटीतून हवा गोलाच्या परिघावरून आत येते, तिचं क्षेत्र पाय × द × फट. दोन्ही सारखे ठेवले की फट = द ÷ ४. ३०० मिमीच्या जाळीला किमान ७५ मिमी. बोटभर म्हणजे पाव वाट.

जाळीचंही सांगतो, कारण झडप यांनी ते मागे ठेवलं होतं. पातळ पत्र्यात भोकं असतील, तर समोरच्या वेगावर मोजलेला के भोकांच्या टक्क्यावर असा पडतो: ६० टक्के उघडी असेल तर २, ५० टक्क्यांना ४, ४० ला ८, ३० ला साडेअठरा. जाळी निम्म्यावरून तीस टक्क्यांवर आली, म्हणजे थोडा भुसा किंवा कापसाचे तंतू बसले, की रोध साडेचार पट. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या मोटरी का तापतात, हे इथेच आहे.

बंद मोटरचं आणखी एक: फिनांच्या (बाहेरच्या उभ्या पट्ट्यांच्या) खाचा वरून उघड्या असतात. काउलमधून निघालेली हवा पुढे जाताना बाहेर निसटत जाते आणि शाफ्टच्या टोकाला वेग बराच पडलेला असतो. म्हणून पुढचं बेअरिंग मागच्यापेक्षा गरम. बंद नळीचं सूत्र तिथे लावलं की उत्तर नेहमी गोड येतं.

---

वाचनमात्र_सुरेखा | २४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

इतकी हवेची मारामारी, मग मोठ्या जनरेटरसारखा हायड्रोजन का भरत नाहीत?

---

मास्तर_निवृत्त | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

कारण हायड्रोजन कोंडावा लागतो. घनता हवेच्या चौदाव्या भागाइतकी, म्हणून रोटरला घासणारा तोटा नगण्य, आणि उष्णता वाहून न्यायला चांगला. १९३७ साली अमेरिकेत डेटनला पहिला मोठा टर्बो-जनरेटर असा चालवला गेला. आपल्या चंद्रपूरच्या ५०० मेगावॉट संचांतही तो असतो. पण शाफ्टला तेलाचे सील, कार्बन डायऑक्साइडने धुवून काढणं, गळतीचे डिटेक्टर. कम्युटेटरवर ठिणग्या उडणाऱ्या डीसी मोटरमध्ये हायड्रोजन? ताई, कारखाना विम्यात काढावा लागेल.

---

हंगामी_इंजिनिअर | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काल मिल क्लीनिंगला थांबल्यावर भोकं पाडली आणि आज पूर्ण लोडवर वाचनं घेतली. डब्यात ६८ मिमी पाणी, म्हणजे ६६७ पास्कल. सध्याची हवा ३२ अंश, ब्लोअरने थोडी तापवलेली धरून घनता १.०७ घेतली. सूत्राने प्रवाह १.४५.

डक्टमध्ये व्हेन ॲनिमोमीटरने सोळा वाचनं, सरासरी ९.१ मीटर. गुणिले ०.१६ म्हणजे १.४६. जुळलं! फिल्टर अर्धवट भरलेला होता, त्यामुळे राईनकाठ यांच्या १.४९ आणि १.४ च्या मधे बसतं. गुंडाळीवाले काका, खिडकी उघडून बघितलं, आत मोटर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. ऑफ सीझनला ओव्हन आणि वॉर्निश झालं होतं.

एल्बोच्या आधी आणि नंतर नळी लावून दाबातला फरक बघितला. पहिला ४५, दुसरा ६०, तिसरा ७० पास्कल.

---

झडप | २९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बघा, कागदावरचे तीन सारखे एल्बो प्रत्यक्षात सारखे नाहीत. दुसरा आणि तिसरा जवळजवळ असतील, मधे सरळ डक्ट दोन-तीन रुंदीइतकाच. पहिल्या वळणातून वाकडी झालेली हवा सरळ व्हायच्या आत पुढच्या वळणात शिरते. तिसरा ब्लोअरच्या तोंडाला चिकटलेला आहे का?

---

हंगामी_इंजिनिअर | २९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

हो, अगदी ब्लोअरच्या सक्शनवरच. तुम्ही कारखान्यात येऊन गेलात की काय?

---

झडप | २९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

नको तिथेच एल्बो. ब्लोअरच्या तोंडाशी वळण असलं की हवा इंपेलरच्या (ब्लोअरच्या फिरत्या चाकाच्या) एका बाजूला जास्त शिरते, आणि ब्लोअर स्वतः कॅटलॉगपेक्षा कमी देतो. हा तोटा कोणत्याच के मध्ये दिसत नाही, कारण तो डक्टमध्ये होत नाही, ब्लोअरच्या आत होतो. डक्टच्या धंद्यात यावरून निम्मी भांडणं होतात.

उपाय: तिन्ही एल्बोंत व्हेन घाला. पत्र्याच्या पाव वर्तुळाकार पट्ट्या, चार-पाच, ओळीने. के १.२ वरून पाव. तोंडाला घंटेसारखं गोल बाहेर वळवलेलं कडं, के १ वरून ०.०५. आणि जाळी डक्टच्या तोंडावर न ठेवता तिप्पट क्षेत्राच्या पेटीवर. वेग एक तृतीयांश, दाब एक नवमांश. पत्रा आणि दोन दिवसांची मजुरी.

राईनकाठ, ब्लोअरच्या रेघेशी नवा छेद काढून द्याल का?

---

राईनकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

एल्बो ४२, तोंड ३ ते ५, सरळ ४५. डक्ट ३०० वरून ९२ पास्कल, रोध ३४. एकूण ३४८. १.५९ ला ८८० अधिक फिल्टर ५८ म्हणजे ९३८, ब्लोअर ९४० देतो. १.५९. गेल्या वर्षीच्या १.६५ च्या जवळ गेलात, ब्लोअरला हात न लावता.

साहेबांना तुलना दाखवायची असेल तर: तोच प्रवाह ब्लोअरचा वेग वाढवून मिळवायचा तर १.४९ वरून १.५९ ला वेग सात टक्के, शक्ती वेगाच्या घनात म्हणून तेवीस टक्के जास्त. आता ब्लोअर अडीच किलोवॉटच्या आसपास घेतो, तो तीनच्या वर जाईल. ५ एचपीला म्हणजे ३.७ किलोवॉटला झेपेल, पण पूर्ण हंगामभर ही वीज त्या तीन काटकोनांना खाऊ घालायची. शिवाय ब्लोअर जेवढा दाब वाढवतो तेवढी हवाही तापवतो, हजार-बाराशे पास्कलला दीड ते दोन अंश. ब्लोअर मोटरच्या आधी आहे, म्हणजे ती उष्णताही मोटरमध्येच जाते.

डक्ट मोठा करण्याचा पर्याय व्हेनांनंतरही खुला आहे. ५०० बाय ५०० केला तर वळणांचा दाब ४१ टक्क्यांवर, सरळ भागाचा एक तृतीयांशावर. पण भिंतीतलं भोक फोडावं लागेल.

---

गुंडाळीवाला | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:१०

व्हेन घालायला हरकत नाही, पण पॉप रिव्हेट नको, वेल्ड करा. शेवटचा एल्बो ब्लोअरच्या तोंडावर आहे. एक पट्टी सुटली तर इंपेलरमधून थेट आर्मेचरवर. आणि ब्लोअर-मोटर डब्यात एक जाड जाळी असू दे, भले तिचे पाच पास्कल गेले.

---

हंगामी_इंजिनिअर | १८ डिसेंबर, रात्री १०:२०

पुढच्या क्लीनिंगला व्हेन (वेल्ड करून), घंटेचं तोंड आणि जाळीची पेटी झाली. डब्यात आता ८० मिमी, म्हणजे ७८५ पास्कल. प्रवाह १.५७. आरटीडी त्याच लोडला १०१. साहेबांनी मोठ्या ब्लोअरचं कोटेशन मागे घेतलं.

आता एक शेवटचं. ब्लोअर बंद पडला तर मोटर ट्रिप व्हावी म्हणून एक प्रेशर स्विच ब्लोअरच्या दोन्ही बाजूंना लावलेला आहे. फिल्टर भरल्याचा अलार्मही त्यावरच घेऊ का?

---

राईनकाठ | १८ डिसेंबर, रात्री ११:१५

नको! ब्लोअरच्या दोन्ही बाजूंतला दाब, हवा कमी झाली की वाढतो. तुमच्याच कॅटलॉगमध्ये बघा, १.९ ला ८५०, १.२ ला १२८०. फिल्टर पूर्ण तुंबला तरी तो स्विच "सगळं छान" म्हणेल. ब्लोअरची मोटर बंद पडली हे तो सांगतो, बाकी काही नाही. त्याला तेवढ्या कामापुरता ठेवा.

फिल्टरला वेगळा स्विच, फिल्टरच्या आधी आणि नंतर, १४० पास्कलवर. तिथे प्रवाह १.५४ पडतो आणि हवेची वाढ २१ अंश, ते चालेल. अडीचशेची वाट बघू नका. तो फिल्टर बनवणाऱ्याचा आकडा आहे, मोटरचा नाही.

हवा कमी झाल्याची ट्रिप डब्यातल्या दाबावर घ्या, ५५ मिमीच्या खाली गेला की अलार्म, ४५ ला ट्रिप.

---

गुंडाळीवाला | १९ डिसेंबर, सकाळी ६:४०

त्यातही मोटर आतून तुंबली तर डब्यातला दाब वाढेल, पडणार नाही. म्हणून वरचीही मर्यादा ठेवा. ब्लोअर तोच, फिल्टर स्वच्छ, आणि डब्यात ८० च्या जागी ९० मिमी दिसायला लागले तर खिडकी उघडा.

---

हंगामी_इंजिनिअर | १९ डिसेंबर, सकाळी ८:०५

५५, ४५ आणि ९०. तिन्ही आजच पॅनेलवर चढवतो. चौथ्या मिलच्या मोटरलाही असाच डक्ट आहे, रविवारी तिथेही भोकं पाडतो.